सोनटक्क्यांचा आवडता गेम

माणूस कसा आहे हे त्याच्या आवडीवरून ओळखावं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. कोणत्या थोरामोठ्यांनी, याचा खुलासा मंगळवारी सकाळी आलेल्या ईमेलमध्ये नव्हता. ईमेल एचआरच्या चैतालीची होती, आणि तिला कंपनीत लागून जेमतेम वर्ष झालं होतं.

पुढचा मजकूर असा होता: शुक्रवारी नवे साहेब पुण्यात येत आहेत. सगळ्यांनी मोठ्या हॉलमध्ये जमायचं आणि प्रत्येकाने उभं राहून आपला आजवरचा सर्वांत आवडता व्हिडिओ गेम कोणता आणि का, ते तीन मिनिटांत सांगायचं. शेवटी एक पिवळा हसरा चेहरा होता. वैजनाथ सोनटक्के यांनी तो चेहरा बराच वेळ न्याहाळला. तो हसतोय यापेक्षा दात दाखवतोय, असंच त्यांना वाटलं.

यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. ज्याची नोकरी शाबूत आहे त्याने जरूर विचारावं.

खराडीच्या एका काचेच्या इमारतीत ही कंपनी होती. ती स्वतः गेम बनवत नसे. दुसऱ्यांनी बनवलेले गेम बाजारात येण्यापूर्वी त्यातल्या चुका शोधून देत असे. त्यातही कामाची वाटणी होती. कुणाकडे तलवारी, कुणाकडे गाड्या, कुणाकडे झाडंझुडपं. सोनटक्क्यांकडे भिंती होत्या. गेममधल्या माणसाला भिंतीपाशी न्यायचं आणि धडकवायचं. आरपार गेला तर चूक, तसं लिहून द्यायचं. नाही गेला तर पुढची भिंत. अठरा वर्षं ते हेच करत होते. राजवाड्यांच्या भिंती, तुरुंगांच्या भिंती, एकदा तर नरकाच्या. नरकाचं बांधकाम चांगलं निघालं होतं.

या अठरा वर्षांत त्यांनी एकही गेम शेवटपर्यंत पाहिला नव्हता. राजकन्या सुटली का, शहर वाचलं का, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि पगारवाढीच्या वेळी ते कुणी विचारलंही नाही. घरी गेल्यावर ते बातम्या बघत.

दुपारी डबा खाताना रोहन शेजारी येऊन बसला. रोहनकडे तलवारी होत्या.

"सर, बंगळुरूचं कळलं का?" त्याने आवाज खाली आणला.

"काय?"

"हाच प्रश्न. हेच साहेब. गुरुवारी सगळ्यांना फेव्हरेट गेम विचारला, आणि सोमवारी निम्म्या लोकांची कार्डं गेटवर चाललीच नाहीत. डायरेक्ट लाल दिवा. सिक्युरिटीवाल्याने बॅगा बाहेर आणून दिल्या."

सोनटक्क्यांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या रूममेटचा भाऊ होता ना तिथे."

"त्याचं कार्ड चाललं?"

"तो आधीच सोडून गेला होता."

"मग लोकांनी उत्तरं काय दिली होती?"

"तेच तर कुणाला माहीत नाही, सर. म्हणून तर डेंजर आहे." रोहनने सोनटक्क्यांच्या डब्यातली भेंडी उचलली. "तुम्हाला काय टेन्शन? एवढी वर्षं काढलीत. तुमच्याकडे ऑप्शन्सच ऑप्शन्स. आम्ही बच्चे लोक मरणार."

सोनटक्के हसले. आपण हसलो हे त्यांना गालाच्या दुखण्यावरून कळलं.

संध्याकाळी बाहेर पडताना त्यांनी गेटवर कार्ड लावलं. हिरवा दिवा लागायला रोजच्यापेक्षा उशीर झाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुन्हा आत जाऊन पुन्हा बाहेर येऊन पाहिलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, "काय साहेब, काही विसरलात का?" त्याने साहेब म्हटलं, हे त्यातल्या त्यात बरं वाटलं.

बिबवेवाडीला घरी आल्यावर त्यांनी बातम्या लावल्या नाहीत, तेव्हा मंदाकिनीबाईंना शंका आली. त्या लसूण सोलत होत्या.

"अहो, चेहरा का पाडलाय एवढा? कुणी गेलं का?"

"अजून नाही," सोनटक्के म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"एवढंच? मग सांगा की एखादा. तो फोनवरचा साप नव्हता का? मला बघायला आलात तेव्हा कोपऱ्यात बसून तोच खेळत होतात. आमचे दादा म्हणाले, मुलगा शांत आहे."

"साप सांगितला तर म्हणतील, हा माणूस म्हातारा झाला."

"आणि नाही सांगितला तर तरुण होणार आहात?"

"मंदा, चेष्टा नको. बंगळुरूत निम्मी माणसं काढली. या वयात मला दुसरीकडे भिंतीला धडकायची नोकरी कोण देणार?"

"का? दुसरीकडे भिंती नसतात?" असं म्हणून त्यांनी आणखी एक पाकळी सोलली. मग हात थांबला, आणि त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या पूर्वाच्या इंजिनिअरिंगची अजून दोन वर्षं आहेत ना हो?"

सोनटक्के खरे घाबरले ते इथे. लग्नापासून आजपर्यंत मंदाकिनीबाईंनी कोणताही प्रश्न टोमणा न मारता विचारला नव्हता.

मग सोनटक्क्यांनी आपल्याला येणारी एकच पद्धत वापरली. प्रत्येक उत्तर भिंतीसारखं समोर धरायचं आणि त्याला धडकून बघायचं. नवा, गाजलेला गेम सांगावा, तर साहेब त्यातलंच काहीतरी विचारणार आणि आपण पहिल्या खोलीतच अडकणार. जुना सांगावा तर वय उघडं पडतं. आपल्याच ग्राहकाचा सांगावा तर लाळघोटेपणा. दुसऱ्या कुणाचा सांगावा तर फितुरी. मारामारीचा गेम सांगितला तर माणूस हिंसक, कोडी सोडवण्याचा सांगितला तर कामाच्या वेळेत कोडी सोडवतो. 'मला गेम आवडत नाहीत' हे उत्तर तेवढं भक्कम होतं, पण त्याच्या पलीकडे लाल दिवा होता.

बुधवार गेला. ऑफिसात लोक जपून बोलू लागले. कालपर्यंत जेवणाच्या वेळी आवडत्या गेमवरून भांडणारी मुलं आता 'बघू', 'ठरवलं नाही' असं म्हणू लागली, जणू कुणी त्यांना मत कुणाला देणार ते विचारत होतं. गाड्यांच्या टेबलावरची एक मुलगी स्वच्छतागृहात आरशासमोर तीन मिनिटं बोलताना सापडली. सापडली म्हणून ती रडली.

गुरुवारी सकाळी सोनटक्के स्वारगेटला बस बदलून खराडीकडे निघाले. पुलगेटच्या अलीकडे बस अडकली. मोकळ्या हवेसाठी त्यांनी खिडकीबाहेर तोंड काढलं, मोकळी हवा नव्हती म्हणून आत घेतलं, आणि त्याच वेळी त्यांना 'सॉल्टवॉच' आठवला.

दहाएक वर्षांपूर्वी त्यांनी तपासलेला गेम. समुद्रातल्या खडकावर एक दीपस्तंभ, आणि त्यात एकटा म्हातारा. तो दिवा पुसतो, वात लावतो, मासे भाजतो. कुणी कुणाला मारत नाही. दीपस्तंभाची भिंत गोल होती, त्यामुळे धडकायचं काम संपता संपत नसे. एके दिवशी सुट्टी झाल्यावरही सोनटक्के उठले नाहीत. म्हाताऱ्याला कट्ट्यावर बसवून ते समुद्र बघत राहिले. नोकरीला लागल्यापासून पगाराशिवाय गेम खेळायची ती त्यांची पहिली आणि शेवटची वेळ.

त्यांनी या उत्तराला चारी बाजूंनी धडकून पाहिलं. कुणाला फारसा माहीत नाही, तेव्हा कुणी उलटतपासणी घेणार नाही. हिंसा नाही. वयाचा संबंध नाही. आणि मुख्य म्हणजे खरं आहे. खरं असणं ही काही जमेची बाजू असते असा त्यांचा अनुभव नव्हता, पण पाठ करायला सोपं पडतं.

शुक्रवारी हॉलमध्ये एसी इतका जोरात होता की घाबरून कापणारे आणि थंडीने कापणारे वेगळे ओळखता येत नव्हते. नवे साहेब हेन्ड्रिक हे हॉलंडचे. उंच, गोरेपान, आणि चेहऱ्यावर काही नाही. अशी भिंत सोनटक्क्यांनी आजवर पाहिली नव्हती. चैताली त्यांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. प्रत्येकाचं बोलणं झालं की साहेब मान तिरकी करत, आणि ती काहीतरी टाइप करी.

रोहन छान बोलला. इतका छान की खाली बसताना त्याला खुर्ची सापडली नाही. आरशासमोर सराव केलेल्या मुलीने तीन मिनिटांचं भाषण एका मिनिटात संपवलं. मग चैताली म्हणाली, "वैजनाथ सर?"

सोनटक्के उभे राहिले. माइक त्यांनी आधी उलटा धरला. पण 'सॉल्टवॉच' हे नाव तोंडातून निघालं आणि पुढचं आपोआप येत गेलं. दिवा, मासे, गोल भिंत, कट्टा. "बाकी सगळ्या गेममध्ये मला पलीकडे जायचं होतं," ते इंग्रजीत म्हणाले, "इथे मला अलीकडेच बरं वाटलं." रोहन तोंड उघडं ठेवून बघत होता. अठरा वर्षांत सोनटक्के सलग इतकी वाक्यं बोलल्याची नोंद नव्हती.

हेन्ड्रिकसाहेब पहिल्यांदाच पुढे झुकले. हातात फोन होता. "मी शोधतोय," ते म्हणाले, "मला हा गेम कुठेच दिसत नाही. हा बाजारात कधी आला?"

सोनटक्क्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना आठवलं.

तो आलाच नव्हता.

ही चूक फक्त याच धंद्यातला माणूस करू शकतो. तपासणाऱ्याच्या दृष्टीने गेम असतोच. तो त्याच्या भिंतींना धडकलेला असतो. पुढे तो दुकानात पोहोचला की नाही, हे बघायला कुणी थांबत नाही. तोवर दुसऱ्या भिंती आलेल्या असतात. 'सॉल्टवॉच' बनवणाऱ्यांनी मध्येच काम बंद केलं होतं, आणि त्या दिवशी सगळ्या टेस्टर्सना एका खोलीत बोलावून सह्या घेतल्या होत्या: या गेमबद्दल कुठेही, कुणाशीही, कधीही अवाक्षर काढणार नाही. काढल्यास नोकरी जाईल आणि वर कोर्टकचेरी. सोनटक्क्यांनी सही केली होती. आणि आता पूर्ण ऑफिससमोर, माइकवर, त्यांनी म्हाताऱ्याच्या माशांपर्यंत सगळं सांगितलं होतं.

"तो... आला नाही," ते म्हणाले.

साहेबांनी चैतालीकडे पाहिलं. चैतालीने टाइप करणं थांबवलं. आतापर्यंत ती कुणासाठीही थांबली नव्हती.

"चार वाजता माझ्याकडे या," साहेब म्हणाले.

नंतर सोनटक्क्यांजवळ कुणी बसलं नाही. लोक त्यांच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागले. रोहन तेवढा येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. "सर, तुम्ही लय भारी बोललात," तो म्हणाला, आणि ते वाक्य फुलं वाहिल्यासारखं वाटलं. सोनटक्क्यांनी ड्रॉवर रिकामा केला. सिक्युरिटीवाल्याला त्रास नको. एक मग, गॅसच्या गोळ्या, पूर्वाचा बालवाडीतला फोटो. मंदाकिनीबाईंना काय सांगायचं याची त्यांनी तीन वाक्यं जुळवली. प्रत्येकावर त्या काय म्हणतील हे त्यांना आधीच ऐकू येत होतं. त्या काहीच म्हणाल्या नाहीत तर काय, यासाठी मात्र वाक्य जुळेना.

चार वाजता ते केबिनमध्ये गेले. पिशवी बाहेर ठेवली.

"बसा ना, सर," चैताली म्हणाली. "थोडा प्रॉब्लेम झालाय."

"मला कल्पना आहे."

"तो गेम रिलीज न झालेला, म्हणजे त्याचं नाव आपल्याला वापरता येणार नाही. लीगलवाले परवानगी देणार नाहीत. तुम्ही दुसरा एखादा सांगू शकाल का?"

"वापरायचं म्हणजे?"

"मीटिंग रूम्सना, सर! वरचा मजला घेतलाय ना आपण. एम्प्लॉईजच्या आवडत्या गेमची नावं द्यायची, ही हेन्ड्रिकसरांची आयडिया. बंगळुरूलाही केलं होतं."

"आणि बंगळुरूची कार्डं?"

"कार्डं? तिथे नव्या इमारतीत गेले ते लोक. जुनी कार्डं नव्या गेटवर कशी चालणार?"

"आणि मी आज जे बोललो... सही केली होती मी..."

चैतालीने साहेबांना इंग्रजीत विचारलं. साहेबांनी मान तिरकी केली आणि सांगितलं की तो गेम बनवणारी कंपनी सहा वर्षांपूर्वीच बुडाली. खटला भरायला कुणी उरलेलं नाही. नाव मात्र कुणाच्या मालकीचं ते कळत नाही, म्हणून घेता येत नाही. मग ते म्हणाले की दीपस्तंभाचं वर्णन चांगलं होतं, आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मग दुसरा कोणता लिहू, सर?" चैतालीने विचारलं.

सोनटक्क्यांनी बराच विचार केला. "सोमवारी सांगतो," ते म्हणाले.

त्यांनी अजून सांगितलेला नाही. वरच्या मजल्यावर त्यांच्या गेमसाठी राखून ठेवलेल्या खोलीच्या दारावर 'मीटिंग रूम ४' अशी पाटी आहे, आणि आत मोडक्या खुर्च्या ठेवतात.