डिझेल गाडीला पळवावं लागतं

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता आणि मामा सुतक असल्यासारखा चेहरा करून उभा होता.

“ताई, आज धुराच्या तपासणीत ही नापास होणार. मग दंड, वर डिझेलचा जास्तीचा रोड टॅक्स आहेच! हे काका घेतायत तर देऊन टाक.”

काका म्हणजे मामाने शोधून आणलेलं गिऱ्हाईक. ते टायरला लाथा मारून बघत होते. माझ्या गाडीच्या टायरला!

गाडी आईची, पण माझीही. लॉजच्या चादरी ती हिच्यातूनच आणते, धुते, पोचवते. गाडी गेली की धंदा गेला, आणि आई पुन्हा त्या खडूस लॉन्ड्रीवालीकडे कामाला. ते मी होऊ देणार नव्हते.

“दिवा का लागतो ते मला माहीत आहे,” मी म्हणाले.

“बघा, इंजिनिअरबाई आल्या!” मामा म्हणाला.

“आल्याच! आई दर लॉजसमोर इंजिन बंद करते. उतारावर न्यूट्रल. कधी चाळीसच्या वर जात नाही. का, तर डिझेल वाचतं! इंजिन तापतच नाही, म्हणून काजळी जळत नाही, धुराच्या फिल्टरमध्ये साठते. मावशीकडे हायवेने गेलो तेव्हा दिवा आपोआप गेला होता. आठवतंय?”

आईच्या काटकसरीचं आमच्या खानदानात केवढं कौतुक! आणि काटकसर शिकवली कोणी? मामानेच.

“ट्रायल हायवेवर घेऊ,” मी काकांना म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. कोणी उठवायला आलं नाही.

हायवेवर आई सुरुवातीला गोगलगाय.

“आई, दाब.”

“अगं, डिझेल...”

“दाब गं!”

तिने दाबलं. इंजिन असं गुरगुरलं की मागे मामा देवाचं नाव घ्यायला लागला. ट्रक मागे पडले. आईने ओठ घट्ट मिटले होते, पण गालात हसत होती, मी पाहिलं. दिवा मात्र बराच वेळ तसाच. तोंड वर करून बोलले होते, आता तोंडघशी पडणार. आणि दिवा विझला.

“गेला!” मी किंचाळले.

“व्वा! मग मी घेतो,” काका लगेच म्हणाले. “पन्नास टक्के आत्ता देतो.”

“ठरलं!” मामा.

“कोणाचं ठरलं?” आईने आरशातून मामाकडे पाहिलं, मग काकांना म्हणाली, “दादा, तुम्हाला बसस्टॉपवर सोडते. इंजिन गरम आहे तोवर मला तपासणीला पोचायचंय.”

तपासणीत गाडी पास झाली.

“तरी टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्तच भरणार तू,” मामा कुरकुरला.

“भरीन. माझ्या कमाईतून भरीन,” आई म्हणाली. “आणि आठवड्यातून एकदा हायवेवर पळवीन. तू सरक तिकडे, दोन लॉजच्या चादरी उचलायच्यात.”

मामा सरकला. पहिला गठ्ठा मी त्याच्या मांडीवरच ठेवला.