चौदाव्या किलोमीटरवरचा बटाटा

"पाणी दे, आणि आईला सांगू नकोस," पायरीवर बसत बाबा म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. आई माझ्या मागेच उभ्या होत्या.

बाबा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. निवृत्तीनंतर पाय स्वस्थ बसेनात, म्हणून धावायला लागले आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालून आले. शर्यतीला सहा आठवडे उरले होते आणि आज सरावात सोळाव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

"डॉक्टर म्हणालेत, हृदय ठणठणीत आहे," बाबा म्हणाले.

"हृदयाला काय धाड भरलीय! पोटात काय होतं?" आई कडाडल्या.

"चहा."

मी हबकलेच. आठ महिन्यांच्या लेकीने दोन चमचे कमी खाल्ले तरी मी वहीत लिहून ठेवते. आणि हा माणूस नुसत्या चहावर दोन तास धावत होता! दुपारी लेक झोपल्यावर धावणाऱ्यांच्या खाण्याबद्दल वाचून काढलं. स्नायूंत साठलेली साखर दीड-दोन तासांत संपत येते. लांब धावणाऱ्याने निघण्याआधी खायचं आणि वाटेतही. पोटाला त्याची सवय लावायची. सवय कशी लावतात ते मला ठाऊक होतं. लेकीला तेच तर करत होते: एका वेळी एकच नवा पदार्थ, तीन दिवस पाहायचं, मग पुढचा.

बाबांनाही तसंच सुरू केलं. निघताना पाव आणि मध. वाटेसाठी आधी केळं, मग खजूर, मग मीठ लावलेला उकडलेला बटाटा.

"एकीला दात यायचेत, एकाचे पडलेत," आई म्हणाल्या. "एकाच वाटीत भरव दोघांना. भांडी तरी वाचतील."

खजूर बाबांनी निघतानाच घरात खाल्ला; त्या दिवशी ते ज्या वेगाने घरी परतले, तो वेग त्यांना पुन्हा कधी साधला नाही. खजूर खोडला. "बटाटा मानवतो," ते म्हणाले. मी वहीत बरोबरची खूण केली.

एका रविवारी धुवायला म्हणून त्यांचा कमरेचा पट्टा उघडला, तर आत तीन बटाटे. जसेच्या तसे.

"बाबा, हे काय?"

पट्टा माझ्या हातून घेत ते म्हणाले, "नवीन नोकरी होती. एका दाराशी पायरीवर डबा उघडला. आतून बाई म्हणाली, 'हे मीटर वाचायला येतात की चरायला?' तेव्हापासून फेरी संपल्याशिवाय घास नाही. रस्त्यात खायचं म्हटलं की हात वरच जात नाही गं."

मला वाचून मिळालेल्या माहितीत यावर काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी चौदाव्या किलोमीटरच्या वळणावर मीच बटाटा घेऊन उभी राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तो घेतला आणि खिशात घातला. त्याच्या पुढच्या रविवारी झाडाआड जाऊन अर्धा खाल्ला. अर्धा तर अर्धा.

शर्यतीच्या दिवशी आई, लेक आणि मी चौदाव्या किलोमीटरला उभ्या होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. आडोसा कुठेच नाही. आज खाल्लं नाही तर पुढे कुठेतरी पडणार, आणि आम्ही तिथे नसणार.

बाबा दिसले. चेहरा उतरलेला, पावलं जड. मी हात पुढे करणार, तोच लांबूनच त्यांची हाक आली,

"सूनबाई, भूक लागली!"

चार लोक वळून हसले. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य आईंनीही ऐकलं नव्हतं. त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बाबांनी भर रस्त्यात उभं राहून बटाटा खाल्ला. सावकाश, नीट चावून. मिशीला मीठ लागलं. आणखी अर्धा मागून घेतला, दोन घोट पाणी प्यायले आणि पुन्हा धावू लागले.

दिसेनासे होईपर्यंत मी त्यांच्या पावलांकडे पाहत होते. सरळ पडत होती.

आईंनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "चल," त्या म्हणाल्या, "पुढे जाऊन उभ्या राहू. त्यांना परत लागेल."