चौथ्या वर्षाच्या मुलांचा शनिवार

वेंडेल टॉलिव्हर ब्रॅनॉक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच होऊन आला आणि त्याच्या संघाने ओळीने आठ सामने हरून दाखवले. आधीच्या कॉलेजात जिंकायची सवय लागलेला माणूस. आल्या आल्या "यंदाच बघा" असं भर सभेत बोलून बसला होता. नेब्रास्कातलं लहान गाव ते; बोललेलं विसरत नाही. आता तो न्हाव्याकडे शिरला की तिथल्या गप्पा एकदम हवापाण्यावर यायच्या. ही सभ्यता त्याला शिव्यांपेक्षा जास्त झोंबायची.

नववा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा. त्या शनिवारी चौथ्या वर्षाची मुलं आईबापांना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात, आयांना शेवंतीची फुलं मिळतात. हे सगळीकडेच होतं. ब्रॅनॉकची रीत त्याच्या एक पाऊल पुढची होती: पहिल्या डावाला चौथ्या वर्षाचीच मुलं उतरवायची, भले ती चार वर्षं बाकावर बसलेली का असेनात. सहा-सात सेकंदांचा काय तो डाव.

एमेट लिंडक्विस्ट असाच बाकावरचा. चार वर्षं सरावात त्याने धिप्पाड पोरांच्या धडका अंगावर घेतल्या, पण सामन्यात एकदाही पाय ठेवला नव्हता. त्याचा बाप मर्ल याच मैदानावर दर आठवड्याला पांढरे पट्टे रंगवायचा.

जुना सहायक हार्वे याने गुरुवारीच रीतीची आठवण करून दिली. टॉलिव्हर वैतागला.

"आठ हरलोय, हार्वे. मी काय इथे धर्मशाळा उघडली आहे?"

"अरे, सहा सेकंदांत काय आभाळ कोसळतंय?"

"पहिल्याच डावात समोरचा चेंडू घेऊन पळाला तर कोसळतंच की."

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. मधल्या सुट्टीनंतर तुला नक्की उतरवतो, असा एमेटला शब्द दिला. एमेटने मान डोलावली.

शनिवारी पहिल्या डावाला टॉलिव्हरने आपले हुकमी अकरा पाठवले. टाळ्या वाजवायला उभी राहिलेली म्हातारी मंडळी तशीच खाली बसली. सामना मात्र रंगला. तिसऱ्या सत्रात ब्रॅनॉकने तीन गुणांची आघाडी घेतली आणि टॉलिव्हरच्या जिवात जीव आला. एमेट शिरस्त्राण चढवून त्याच्या कोपराशी उभा होता. टॉलिव्हरने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. पुढच्या डावाला, पुढच्या डावाला, असं करता करता वेळ संपली. ब्रॅनॉक जिंकलं.

पोरांनी त्याच्यावर बादलीभर थंड पाणी ओतलं. तोही हसत होता. डोळे पुसले तेव्हा समोर एमेट दिसला; त्याने शिरस्त्राण अजून काढलं नव्हतं.

"पुढच्या शनिवारी पहिल्या डावाला तूच," टॉलिव्हर घाईघाईने म्हणाला.

"तो सामना बाहेरगावी आहे, कोच. बसमध्ये बावन्नच जण जातात. मी कधीच नसतो. यादी तुम्हीच करता."

"या वेळी तुझं नाव घालतो."

"कुणाचं काढून?" एमेटने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "जाऊ द्या, कोच. आईला इथेच बघायचं होतं."

मग तो बापाला मैदानाभोवतीचा दोर गुंडाळायला मदत करायला गेला. टॉलिव्हरला स्वतःची अतोनात लाज वाटली. निदान त्या बाईची माफी मागावी म्हणून तो ओल्या अंगाने प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून वर गेला. बाकी सगळे आपापल्या गाड्यांकडे निघाले होते. एमेटची आई तेवढी फुलं मांडीवर घेऊन बसून होती. त्याला पाहून ती लगबगीने उठली आणि जिंकल्याबद्दल तिने मनापासून अभिनंदन केलं.

"कोच, एक विचारू?" ती संकोचून म्हणाली. "मधे थंडी फार वाजली म्हणून मी कॉफी आणायला गेले होते. पाचच मिनिटं. तेव्हा खेळला का हो तो? मर्लला विचारलं तर तो काही बोलतच नाही."

हो म्हणणं सोपं होतं. ते त्याच्या जिभेवरही आलं होतं.

"नाही," टॉलिव्हर म्हणाला. "तुमचं काही चुकलेलं नाही. मी त्याला उतरवलंच नाही."