शेततळ्यातली लाल पिसू

मी पाण्यातली पिसू बोलतेय. नाव ऐकून अंग खाजवू नका, मी कुणाला चावत नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान मी. डोळा एकच, आणि अंग असं आरपार की गिळलेला हिरवा घास बाहेरून दिसावा. निदान पूर्वी तरी दिसायचा. तुमच्याशी गोड बोलायला मी आलेली नाही. मला तुमचा राग आहे, आणि मरायच्या आधी तो सांगून टाकायचा आहे.

मुकुटबन गावाच्या पलीकडे एक तांडा आहे. त्याच्या खालच्या अंगाला देवसिंगचं शेततळं. तिथंच माझा जन्म झाला. आमच्यात बाप लागतोच असं नाही. आई पाठीवरच्या पिशवीत लेकी वाढवते आणि एक दिवस सोडून देते. सोडलं की लगेच कामाला लागायचं. पाण्यावरचं शेवाळं गाळून गाळून खायचं, पाणी नितळ ठेवायचं. याबद्दल आम्हाला कधी कुणी शाबासकी दिली नाही. ती मागायलाही आम्ही गेलो नाही.

देवसिंग आणि त्याची बायको रुपीबाई यांनी तळ्यात कटला आणि रोहू माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. कटल्याचं आवडतं खाणं म्हणजे आम्ही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मासा खाणार, आम्ही लपणार. दिवसा खाली तळाशी, अंधारात जाऊन बसायचं आणि रात्री वर चरायला यायचं, हा आमचा नेम होता. त्यावर आमच्या कितीतरी पिढ्या सुखानं जगल्या.

मग रुपीबाईला माया सुटली.

ती रोज सकाळी टोपलं भरून सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणायची आणि पाण्यात उधळायची. वर शेणाचा काला. मासे खातील तेवढं खात. उरलेलं तळाशी बसे आणि कुजे. कुजणाऱ्या वस्तूला हवा लागते हो, माणसाहून जास्त लागते. तिनं तळाची सगळी हवा ओढून घेतली. आमची लपायची जागा अशी गेली. खाली गेलं तर गुदमरायचं, वर राहिलं तर उजेडात माशाच्या तोंडाशी. आमच्या भागातल्या पैनगंगेचं पाणी शेवटी समुद्राला मिळतं. तिथं किनाऱ्याजवळही तुम्ही वाहून दिलेल्या घाणीनं तळाची हवा संपते, आणि माझे खारट पाण्यातले भाऊबंद असेच वर ढकलले जातात. एवढासा जीव, पण त्याला कुठंच सुखानं राहू द्यायचं नाही, असं तुम्ही ठरवलेलं दिसतं.

हवा कमी पडली की आमचं अंग लाल रक्त तयार करतं. उरलीसुरली हवा धरून ठेवायला त्याचा उपयोग होतो. मीही लाल झाले, माझ्या बहिणीही झाल्या. श्वास मिळाला, पण आरपार अंग गेलं. आता कटल्याला आम्ही लांबूनच दिसू लागलो. तुम्हीच सांगा, आम्ही करायचं तरी काय होतं?

थोड्याच दिवसांत माशांचीही तीच गत झाली. आभाळ भरून राहिलं, ऊन पडेना, आणि उन्हाशिवाय शेवाळं पाण्यात हवा सोडत नाही. सकाळी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासायला लागले. ते हवा मागत होते. शेजारच्या वावराचा घनश्याम बांधावरून चालला होता, त्याला रुपीबाईनं थांबवलं.

"पाहा ना भाऊ, कसे आ वासून राह्यले. उपाशी हायेत."

"मंग टाका ना ढेप, वहिनी. मुक्या जीवाले काहून उपाशी ठेवता?"

रुपीबाईनं त्या दिवशी दोन टोपली टाकली. मी खालून ओरडत होते. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही हे ठाऊक असूनही ओरडले.

दुसऱ्या दिवशी निम्मे मासे उताणे तरंगत होते. काठाच्या पाण्यावर लाल तवंग आल्यासारखा दिसत होता. तो तवंग म्हणजे आम्ही, हवेसाठी वर दाटीवाटीनं आलेल्या. रुपीबाई काठावर बसून मेलेला एकेक मासा मांडीवर घेऊन रडली. लेकरासारखे वाढवले होते तिनं ते. तिचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण मला तिची दया आली नाही. मासे मेले म्हणून आम्ही तरी कुठं वाचलो? त्यांची मढी कुजायला लागली आणि हवा आणखी आटली.

देवसिंगनं लाल पाणी पाहिलं आणि घनश्यामला वावरातून बोलावून आणलं.

"तुनं फवारणीचा पंप याच पाण्यात धुतला ना?"

"मी कायले धुवीन? मले काय वेड लागलं?"

"मंग पाणी लाल काहून झालं? वावर तुहं, औषध तुहं."

घनश्यामचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचा शेजार, एकमेकांच्या कामाला धावून जाणारी ही दोन घरं. तो खाली वाकला, ओंजळ भरली आणि म्हणाला, "औषध असन तं मी मरीन. पाहत राहा."

रुपीबाई "नका पेऊ भाऊ" म्हणत धावली, तोवर तो प्यायला होता. त्या ओंजळीत माझ्या लेकी होत्या. त्याचा खरेपणा सिद्ध करायला त्या गेल्या. त्यांच्याबद्दल कुणी हळहळलं नाही.

मग तिघंही बांधावर बसून राहिले, घनश्याम मरतो की काय ते पाहत. तो मेला नाही. देवसिंगची मान खाली गेली. त्यानं घनश्यामचा हात धरला आणि म्हणाला, "चुकलो गड्या." रुपीबाईनं चहा आणला. इतकं सगळं झालं, पण पाण्याकडे पुन्हा एकदा नीट पाहावं असं एकालाही वाटलं नाही.

"मंग हे मेले तरी कायनं?" देवसिंगनं विचारलं.

घनश्यामनं कपातला शेवटचा घोट घेतला. "कमीच पडलं असन खाणं. हे राह्यले ते तरी जगवू. माह्या घरी ढेपीचं अख्खं पोतं पडलं हाये. आणतो."

माझ्या पाठीवरच्या पिशवीत आता शेवटच्या लेकी आहेत. त्या जन्मतःच लाल असतील. तुमच्याकडे मी प्रेम मागत नाही. मासा वर येऊन तोंड उघडेल तेव्हा फक्त हात आखडा, एवढंच मागते. हे भांडण आणखी चार दिवस चाललं असतं तर आम्ही कदाचित वाचलो असतो. पण घनश्याम पोतं खांद्यावर घेऊन येतोय, देवसिंग त्याला हात द्यायला पुढं झालाय, आणि रुपीबाई पदरानं डोळे पुसत पोत्याची शिवण उसवायला बसली आहे.