पत्र्यातलं रबरी कडं

या मंडळी, असे पुढं सरका. दाराशी कशाला बसता, सतरंजीवर जागा आहे. आज एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडी निमित्ताला, एका भल्या माणसाचा जीव भरदुपारी कसा टांगणीला लागला, ते ऐका.

सेवाग्रामचे केशवराव. कॉलेजातली कारकुनी संपली आणि दोन वेडं उरली, एक कीर्तन आणि दुसरं कासवाच्या पाठीची जुनी मोटार. तशीच मोटार कीर्तनकार बापूराव महाराजांकडे. या गाड्यांचं सगळंच उलटं. इंजिन मागं, सामान पुढं, आणि पाणी घालायची सोयच नाही. पंख्याचा वारा इंजिन थंड ठेवतो, आणि तो वारा पांगू नये म्हणून इंजिनाभोवती पत्रे असतात.

महाराजांच्या गाडीचा एक पत्रा गंजून चाळणी झाला होता. इंजिन तापत होतं आणि संध्याकाळी अल्लीपुरात कीर्तन. केशवरावांनी काय करावं? आपल्या गाडीचा पत्रा काढला आणि महाराजांच्या गाडीला चढवला. त्या पत्र्याला एक भोक असतं, त्यातून पेट्रोलची नळी जाते. भोकाची धार नळीला लागू नये म्हणून तिथं रबरी कडं असतं. केशवरावांच्या पत्र्यातलं कडं कधीच झडून गेलं होतं. "जुन्यातलं काढून यात घालू," असं ते सकाळी स्वतःच म्हणाले होते.

पण महाराज शेजारी स्टुलावर बसून संध्याकाळचं आख्यान आळवू लागले. एका कुंभारणीचं पोर जत्रेत हरवतं, त्याचं. आता केशवरावांचे हात पत्र्याला आणि कान आख्यानाला. पोर सापडलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. बाहीनं डोळे पुसत त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला, आणि महाराज आपल्या पत्नीला, कुंताकाकूंना, मागच्या सीटवर बसवून निघाले.

केशवरावांच्या पत्नी उज्वलाबाई अंगण झाडत आल्या. "अवो, या गंजक्या पत्र्याले रबर लागूनच राह्यलं. ठेवू का फेकू?"

केशवरावांनी पाहिलं, घालायचं राहिलेलं तेच कडं. ओटा धरून ते खाली बसले.

"काय झालं? चक्कर आली का?"

"उज्वला, नळी कापली जाईल. उघड्या पत्र्यावर घासून घासून कापली जाईल. पेट्रोल सरळ तापल्या इंजिनावर! आणि काकू त्याच्याच पुढं बसल्या हायेत."

"मंग फोन लावा ना, बसून काय राह्यले!"

लावला, पण तो बंद. कपाळी गंध लागलं की कीर्तन संपेपर्यंत महाराजांचा फोन बंद असतो, हा त्यांचा नेमच. अल्लीपुरात मृदंगवाला सचिन आधीच जाऊन पोचला होता. त्याला लावला, तर पलीकडे टाळांचा नुसता कल्लोळ. "केशवभाऊ, काईच ऐकू येऊन नाई राह्यलं! तुमी या, महाराजाइले ओवाळाले समदा गाव उभा हाय!" आणि फोन ठेवला.

ओवाळायला! केशवरावांना तिथली रीत आठवली. अल्लीपुरात महाराजांना ओवाळतात, आणि मग ज्या गाडीनं महाराज आले त्या गाडीभोवतीही पेटता कापूर फिरवतात.

त्यांची स्वतःची मोटार पत्र्यावाचून उघडी पडलेली. त्यांनी स्कूटर काढली.

रस्त्यानं जाताना डोळे लांबवर धूर शोधत होते, आणि मन म्हणत होतं, दिसू नको रे बाबा, दिसू नको. तेवढ्यात दिसला. काळा, जाड, वळणापलीकडे. केशवरावांनी स्कूटर आणखी दामटली. वळण घेतलं तर शेतात कोणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. ते रडायलाच लागले, पण स्कूटर थांबवली नाही.

पुढं फाट्यावर प्रेमदासची चहाची टपरी. "महाराज गेले काय रे?"

"आत्ता गेले. चहा घेतला. म्या म्हटलं, महाराज, गाडीले पेट्रोलचा वास येऊन राह्यला. तं म्हने, म्हातारी गाडी हाय, तिच्या तोंडाले वास येनारच!" प्रेमदास आपल्याच आठवणीनं हसला. गाडी उभी होती तिथं मातीत ओला डाग होता. केशवरावांनी बोट लावून हुंगलं.

त्यानंतरचा रस्ता त्यांना कधीच आठवला नाही.

देवळापुढं गर्दी. टाळ, मृदंग, गजर. महाराज उतरले होते, गळ्यात हार होता. कुंताकाकू अजून आतच, गुडघा धरून बसलेल्या. आणि आनंदाबाई, देवळाची झाडलोट करणाऱ्या, कापराचं ताट घेऊन गाडीच्या मागच्या अंगाला वळत होत्या. केशवराव ओरडले. टाळांपुढं कोण ऐकतो? ते गर्दीत घुसले, माणसं ढकलली, आणि पेटता कापूर उघड्या हातात धरून मूठ आवळली.

गजर एकदम थांबला.

"आरती इझवली!" कोणीतरी कॉलर धरली. "पिऊन आला का बे?" दुसऱ्यानं हात उगारला.

तेव्हा आनंदाबाई मध्ये आल्या. "थांबा जी! आरती माह्या हातातली इझली, मले इचारू द्या." आणि अगदी हळू, "भाऊ, काऊन इझवली?"

"काकूले उतरवा," एवढंच ते बोलू शकले. "पेट्रोल गळून राह्यलं."

सचिननं काकूंना उचलूनच बाहेर काढलं. गाडी लोटत लांब नेली, तेव्हा कुठं मागचं झाकण उघडलं. पत्र्याच्या भोकात कडं नाही, नळी अर्धी कापलेली, इंजिन पेट्रोलनं ओलं. ज्यानं कॉलर धरली होती तो मुकाट्यानं बाजूला झाला. महाराजांनी गळ्यातला हार काढला आणि तिथंच मातीत बसले. "केशवा, मी आख्यान सांगत होतो ना रे तेव्हा," एवढं म्हणून ते थांबले. पुढचं दोघांनाही कळलं होतं.

आनंदाबाई केशवरावांच्या भाजल्या तळव्यावर गडव्यानं पाणी ओतत राहिल्या. कीर्तन उशिरा लागलं, पण लागलं.

त्या माउली आता नाहीत. मंडळी, एक मागणं आहे. कोणाचं वागणं पाहून रागानं हात उठायला लागला, तर आनंदाबाईंची आठवण काढा. सगळा गाव ओरडत होता, तेव्हा त्या एकट्या बाईनं आधी विचारलं.