टाकीखालचे सात दिवस

आई शिलाई मशीनवर बसली की एक ओळ गुणगुणायची :

‘कानानं ऐकावं, पोटात ठेवावं…’

पुढे आणखी एक ओळ असायची. पण तेवढ्यात तिचा पाय पायट्यावर पडायचा आणि ती ओळ खडखडाटात बुडून जायची. फळीच्या भिंतीआड पाढे पाठ करताना मला कायम अर्धंच गाणं ऐकू आलं. एकदा विचारलं, “आई, पुढचं काय गं?” तर दातानं दोरा तोडत म्हणाली, “पुढचं ज्याचं त्यानं जुळवायचं.”

मी काही जुळवलं नाही. पहिल्या ओळीवरच माझं भागलं. नोकरीसुद्धा तशीच लागली. सभागृहात अध्यक्षांच्या आसनासमोर एक बुटकं टेबल असतं. तिथं बसून आमदार काय विचारतात, मंत्री काय उत्तर देतात, ते लघुलिपीत टिपायचं. दहा मिनिटांनी दुसरा प्रतिवेदक येतो. मग आत जाऊन सगळं अक्षर न् अक्षर उतरवून काढायचं. बावीस वर्षं झाली. आमच्या प्रमुखांना सगळे ‘पूर्णविराम’ म्हणतात, कारण बोलणाऱ्यानं वाक्य अर्ध्यात सोडलं तरी ते ठिपका देऊन मोकळे होतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, “बाई, आपल्याला कान दिलेत, बोटं दिलीत. तोंड घरी ठेवून यायचं.”

घरी तरी कुठं उघडायचे मी ते.

त्या मंगळवारी पाण्याच्या टाकीचा प्रश्न होता. कारखान्यामागच्या वस्तीत उंच खांबांवरची नवी टाकी. दोन टाक्या झाल्या असत्या एवढा पैसा एकीत गेला, हे खरे आहे काय, असा प्रश्न. छापील उत्तर नेहमीचंच : हे खरे नाही. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या सदस्या उठल्या. बारीक अंगाच्या, बारीक आवाजाच्या. त्यांना आम्ही आपसात ‘टाचणीबाई’ म्हणतो. टोचल्याचं आधी कळत नाही, मग रक्त दिसतं.

“अध्यक्ष महोदय, ही टाकी दोनदा रंगवली, पण काठोकाठ एकदाही भरलेली कुणी पाहिली नाही. तिच्या पायाशी शाळा आहे. चारशे मुलं बसतात. गळतीची चाचणी कधी झाली, मंत्रिमहोदय सांगतील का?”

“सन्माननीय सदस्यांना पाण्यापेक्षा गळतीचीच तहान फार!” मंत्री म्हणाले. त्यांच्या बाजूची बाकं वाजली.

“तहान वस्तीला आहे. मला फक्त तारीख हवी.”

मंत्र्यांनी मान वळवून अधिकाऱ्यांच्या सज्जाकडे पाहिलं. सज्जातून एक चिठ्ठी शिपायाच्या हातून खाली आली. चार घड्यांची, कोपऱ्याला कोपरा जुळवलेली. ती घडी मी ओळखते. वाणसामानाची यादीसुद्धा तो माणूस तशीच घालतो. सज्जात तिसऱ्या खुर्चीवर माझा नवरा बसला होता, पाणीखात्यातला कार्यकारी अभियंता.

मंत्र्यांनी चिठ्ठी उलगडली आणि आवाजात तूप आलं. “चाचणी गेल्या महिन्यात नऊ तारखेपासून पंधरा तारखेपर्यंत झाली. टाकी सात दिवस काठोकाठ भरून ठेवली. थेंब गळला नाही. आमचे कार्यकारी अभियंता स्वतः सातही दिवस टाकीखाली उभे होते! परवा गुरुवारी दहा वाजता लोकार्पण आहे. सन्माननीय सदस्यांनी येताना तांब्या आणावा.”

मी कंसात ‘हशा’ लिहिलं. मग माझी पेन्सिल थांबली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

नऊ ते पंधरा तो टाकीखाली नव्हता. पांघरुणाखाली होता. तापानं फणफणलेला. मी रजा घेऊन उशाशी बसले होते, कपाळावरच्या पट्ट्या बदलत.

वर पाहिलं तर तो सज्जातून माझ्याकडेच पाहत होता. नजर मिळाली तशी त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला.

*

संशयाला एकदा पाट दिला की तो ताटही मागतो. त्या संध्याकाळी जेवायला आम्ही दोघंच होतो, पण मला तिसरा बसलेला दिसत होता.

“आज सभागृहात तुम्ही गाजलात,” मी म्हटलं.

“मी नाही. माझं पद.”

“पदाला ताप आला होता का गेल्या महिन्यात?”

त्याचा घास हातात राहिला. “फाइलमध्ये जे होतं ते चिठ्ठीत दिलं. ‘स्वतः’ वगैरे त्यांच्या पदरचं.”

“आणि फाइलमध्ये कुणी घातलं?”

“अगं, जेवू दे की. इथं काय प्रश्नोत्तराचा तास आहे?”

“तिथं निदान उत्तर तरी मिळतं. खोटं का होईना.”

तो उठला, हात धुतले, आणि बराच वेळ नळ चालूच ठेवला. एरवी थेंब वाया गेला तर घर डोक्यावर घेणारा माणूस.

मला तो आजारपणातला पाहुणा आठवला. ठेकेदाराचा माणूस. गुळगुळीत बोलणारा. एका हातात फळांची टोपली, दुसऱ्यात फाइल. “वहिनी, साहेबांना मुळीच त्रास द्यायचा नाही. दोनच सह्या.” मी ट्रेमधून चहा घेऊन खोलीत गेले होते. फळं चांगली होती. आम्ही ती खाल्ली.

मग बाकीचं एकेक आठवू लागलं. गेले तीन आठवडे तो सकाळीच बाहेर पडतो. फिरायला जातो म्हणतो. या माणसाला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा चालत जायचा कंटाळा! परत येतो तेव्हा बोटं पांढरी असतात, पांढरं काहीतरी लागलेलं. विचारलं तर म्हणतो, “भिंतीला हात लागला.” कोणाला भेटत असेल? फळांच्या टोपलीनंतर काय आलं असेल, आणि ते कुठं ठेवलं असेल? तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा खण उघडला. कपाटावरची पेटी काढली. लग्नातल्या शालीची घडी मोडून पाहिली. काही नव्हतं. काही नाही म्हणून संशय कमी झाला असं नाही. उलट वाटलं, भलताच हुशार आहे.

बुधवारी सकाळी मी त्याच्या मागं गेले.

तो कारखान्याच्या भिंतीला धरून चालला, वळला, आणि टाकीशी थांबला. आभाळात एक निळा हंडा ठेवावा तशी टाकी, ताज्या रंगाची. खाली शाळेचं कौलारू छप्पर. प्रार्थना संपून वर्ग भरले होते आणि मुलं पाढे म्हणत होती. कोणी दुसरं नव्हतं. माझा नवरा एकटाच होता. त्यानं खिशातून खडू काढला आणि खांबाला कान लावला, झोपलेल्या लेकराच्या छातीला लावावा तसा.

मी जवळ गेले. तो दचकला नाही. जणू मला यायला उशीर झाला होता.

खांबावर आडव्या खडूरेघा होत्या, प्रत्येकीजवळ तारीख. रेघांमधून केसाएवढी एक चीर वर गेली होती.

“थोडं पाणी भरून पाहिलं तेव्हा ही इथं होती,” त्यानं बोट ठेवलं. “अर्धी भरली तेव्हा इथं.”

“आणि उद्या काठोकाठ भरली की?”

त्यानं शाळेकडे पाहिलं. आत सातचा पाढा चालू होता.

“मी समजत होते तुम्ही पैसे खाल्लेत.”

“खाल्ले असते तर बरं झालं असतं. निदान मन तरी मेलं असतं.” तो हसला, पण हसू ओठांवरच वाळलं. “वरिष्ठांना सांगितलं. म्हणाले, लोकार्पण होऊ द्या, मग डागडुजी करू. टाकी भरू नका असं पत्रही लिहून ठेवलंय.” त्यानं वरच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. घडीवर चिरला होता. “वीस दिवस खिशात आहे.”

“द्या ना मग ते.”

“देऊन? चाचणी झालीच नाही म्हटलं की ते दाखला काढतील. दाखल्यावर सही माझी. त्यांचं काय जातं? मी आत जाईन.” मग हळूच म्हणाला, “आणि अगं, त्या दिवशी खोलीत तूही होतीस.”

“मी चहा आणला होता.”

“हो,” तो म्हणाला. “चहा आणला होतास.” आणि पुन्हा खांबाकडे वळला.

तिथून कचेरीपर्यंत मी त्याच्यावर चिडत गेले. भित्रा, शेळपट, कागदाच्या घड्या घालणारा! रस्ता संपला तरी राग पुरला. पुरलाच पाहिजे होता. तो संपला असता तर खाली काय सापडलं असतं ते मला ठाऊक होतं.

*

दुपारी मंत्र्यांच्या कचेरीतून कालच्या कामकाजाची प्रत परत आली. भाषा तपासायला ती सगळ्यांकडे जाते. ‘स्वतः सातही दिवस टाकीखाली उभे होते’ हे शब्द खोडून वर लिहिलं होतं : ‘देखरेख ठेवून होते’. माझ्या नवऱ्याचा आजारपणाच्या रजेचा अर्ज कुणाच्या तरी ध्यानात आला असणार.

पूर्णविरामांनी प्रत माझ्यापुढे सरकवली. “बाई, तुमच्या वहीत काय आहे?”

मी वही उघडली. बाक दिलेल्या बारीक रेषा, ठिपके. माझ्याशिवाय कोणाला न लागणारं अक्षर. “स्वतः. सातही दिवस. टाकीखाली.”

“मग तेच राहील. भाषा सुधारावी, अर्थ सुधारू नये.” त्यांनी खोडलेल्या शब्दांखाली ‘मूळचंच ठेवा’ या खुणेचे ठिपके दिले आणि समाधानानं टोपण लावलं. “खरं की खोटं, ते आपलं खातं नाही. म्हणाले की नाही, एवढंच आपलं खातं.”

तेवढ्यात दार वाजलं. टाचणीबाई होत्या. सदस्यांना आपलं भाषण तपासायला आमच्या खोलीत येता येतं, पण त्या भाषणासाठी आल्या नव्हत्या. प्रत हातात घेऊन त्यांनी थेट खोडलेली जागा शोधली.

“हे खोडायचं का सुचलं त्यांना?” त्या माझ्याकडे वळल्या. “बाई, तुम्ही समोर होतात. मंत्री ‘स्वतः’ म्हणाले ना?”

“म्हणाले.”

“तारखा?”

“नऊ ते पंधरा.”

“झालं. पुढच्या अधिवेशनात धरते त्यांना.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्याखालचे डोळे दमलेले होते. “पण बघा, एका शब्दानं टाकी थोडीच थांबते? वस्तीतल्या बायका म्हणतात, टाकी भरायला सकाळपासून पंप लावलाय. आमचे लोक विचारायला गेले तर दाखला दाखवतात. सही आहे, शिक्का आहे. दाखल्यापुढं आमचं तोंड बंद.”

पूर्णविरामांनी प्रत घेतली, टाचून ठेवली. टाचणीबाई निघाल्या. दारापर्यंत पाच पावलं. माझ्या कानात कालपासूनचे सगळे आवाज एकदम आले, बाकं, हशा, सातचा पाढा, आणि त्या सगळ्यांखाली पायट्याचा खडखडाट. मग तो थांबला.

“ताई,” मी म्हटलं.

“बाई…” पूर्णविराम सावधपणे म्हणाले. ठिपका द्यायला ते तयारच होते.

“ताई, ते अभियंता माझे मालक आहेत. नऊ ते पंधरा ते घरी होते, तापात. सहीसाठी ठेकेदाराचा माणूस आमच्याकडे आला होता.” माझा आवाज मलाच परका वाटत होता. इतका जाड असतो तो?

टाचणीबाई दारातच उभ्या राहिल्या. “म्हणजे ग्लानीत सही घेतली त्यांची. त्यांना कळलं नसेल.”

किती सोपी पळवाट होती ती. दोघांनाही पुरली असती.

“त्यांना कळत नव्हतं, ताई. मला कळत होतं. त्यांचा हात थरथरत होता म्हणून कागदाखाली चहाचा ट्रे मी धरला. मनगटही मीच धरलं. कागदावर पंधरा तारखेपर्यंतची चाचणी पुरी झाल्याचं लिहिलं होतं, आणि त्या दिवशी अकरा तारीख होती. मी वाचलं होतं. शब्द न् शब्द वाचलं होतं.”