पाय धुण्याच्या परातीला शिसारी आली

मी परात बोलतेय. पांढऱ्या इनॅमलची, खोलगट, निळ्या काठाची. अमेरिकेत, कॅन्ससच्या गव्हाच्या रानात आमचं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं कॉलेज आहे, एवढंसं. गणितापासून गाण्यापर्यंत सगळं एकाच छपराखाली शिकवणारं. तिथल्या प्रार्थनाघरात माझा मुक्काम. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी माझ्यात कोमट पाणी ओततात. बाया बायांचे, बाप्ये बाप्यांचे पाय धुतात, पुसतात, उठून मिठी मारतात. मिठी मारली की भांडण मिटलं. पुन्हा त्याबद्दल ब्र काढायचा नाही.

मला किळस पायांची नाही हो येत. पाय तर ही माणसं घरूनच साबणाने घासून आणतात! किळस येते ती यांच्या गोडगोड बोलण्याची.

यंदा कॉलेजच्या अध्यक्षीणबाई लव्हॉन गोअरिंग यांनी गाण्याचा वर्ग बंद करायचा घाट घातला. आमची माणसं वाद्यांशिवाय गातात, चार वेगळे सूर एकमेकांत विणून. ते शिकवायच्या ऑर्फा क्रेबीलबाई. लव्हॉनही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. शनिवारच्या सभेत हात वर करून निकाल लागायचा होता, आणि ऑर्फाबाई विरोधात बोलणार होत्या.

म्हणून गुरुवारी लव्हॉनने पाय धुवायला नेमकं त्यांनाच बोलावलं.

ऑर्फाबाई बाकावरून उठेनात. शेजारी त्यांची चुलतबहीण एल्डोरा. ती कोपराने ढोसत म्हणाली, "अगं जा की! पाय धुतल्याने झिजणार आहेस का?"

"पाय नाही गं, जीभ जाते माझी."

पण सगळे बघत होते. गेल्या बिचाऱ्या. मोजे काढून बसल्या. लव्हॉन गुडघ्यांवर बसली.

"द्या पाय, बाई. मनात काही ठेवू नका."

"मनात कशाला ठेवू? सभेत बोलणार आहे."

"आज मिठी मारायची आणि परवा पुन्हा तेच? लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर आज धुतेस ना?"

लव्हॉन ओठ न हलवता पुटपुटली, "हळू बोला. फोटो काढतायत."

ऑर्फाबाईंचा अंगठा माझ्या पाण्याला टेकला. मग त्यांनी पाय मागे घेतला.

"लव्हॉन, वर्ग चालू ठेवतेस? हो म्हण, दोन्ही पाय देते."

लव्हॉनने फोटोवाल्याकडे वळून हसू आणलं. बाईंनी ओल्या अंगठ्यावरच मोजा चढवला आणि निघून गेल्या.

"केवढा हा ताठा!" एल्डोरा म्हणाली. बाकीच्यांनी मुंड्या हलवल्या. लव्हॉनला कुणी चकार शब्द बोललं नाही. लगेच दुसरी बाई पुढे बसवली. फोटो चांगला आला म्हणे.

शनिवारी सभा तिथेच भरली. मी भिंतीला टेकून होते. ऑर्फाबाई एकट्याच बोलल्या. "या पोरांना तोंड उघडायला मी शिकवलंय. आज तुम्हीही उघडा," म्हणाल्या. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मग हात वर झाले. वर्ग गेला.

आणि रीतीप्रमाणे शेवटी सगळ्यांनी उभं राहून देवाच्या आभाराचं गाणं गायलं. चार सुरांत! एकही सूर चुकला नाही. लव्हॉनचा आवाज तर सगळ्यांत गोड. ऑर्फाबाई तेवढ्या ओठ मिटून बसून होत्या.

तेव्हा मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही. सध्या मी कपाटात पालथी पडले आहे. बाबांनो, पुढच्या वर्षी मला सुलटी करू नका. माझ्यात पाणी नको. इथे मी बरी आहे.